पाटलीपुत्र : ग्रंथांतील आणि मातीतील

रोम, दिल्ली किंवा विजयनगर या राजधान्यांचे गतवैभव पाहावयाचे असेल तर प्रवाशाने तेथे जाऊन नुसते उभे राहिले तरी पुरते. भग्न का होईना, पण काहीतरी दगडी, काहीतरी उंच त्याच्या डोळ्यांपुढे असते. पाटलीपुत्राचे तसे नाही. नंदांची, मौर्यांची आणि पुढे गुप्तांची ही राजधानी. हिमालयापासून कर्नाटकापर्यंतच्या प्रदेशांना अशोकाच्या आज्ञा येथून सुटत. परंतु आजच्या पाटणा शहरात अशोकाच्या नगराची अशी एकही मोठी वास्तू आपल्या पायांवर उभी नाही. वर्गात हा पाठ शिकविणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला एक प्रश्न ठरलेला असतो : "मग तो राजवाडा गेला कुठे?" पाठ्यपुस्तकात मेगॅस्थेनिसचे वर्णन असते, तटाचे बुरूज मोजलेले असतात, या प्रश्नाचे उत्तर मात्र तेथे नसते. ते उत्तर गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मातीतून थोडे थोडे वर आले आहे, आणि ते वर आणणाऱ्यांत एका मराठी पंडिताचा वाटा मोठा आहे.

या नगराच्या जन्माची कथा बौद्ध वाङ्मयात आहे, तीत कल्पनेचा भाग किती आणि स्मृतीचा किती हे ठरविणे कठीण. पण तिच्यातला राजकीय तपशील खरा वाटतो. गंगेच्या उत्तरेस वज्जींचे बलाढ्य गणराज्य होते. त्याला शह देण्यासाठी मगधाचा राजा अजातशत्रू याच्या सुनीध व वस्सकार या दोन अमात्यांनी पाटलिग्राम नावाच्या नदीकाठच्या खेड्यात दुर्ग बांधावयास घेतला. आयुष्याच्या अखेरच्या प्रवासात असलेले बुद्ध त्याच सुमारास तेथून गेले. हे गाव पुढे आर्यावर्तातील अग्रनगर होईल, परंतु त्याला अग्नी, जल आणि आपसातील फूट या तिहींपासून भय राहील, असे भाकीत त्यांच्या तोंडी महापरिनिब्बान सुत्तात घातले आहे. पुढे उदायी राजाने राजगृह सोडून आपली राजधानीच गंगेच्या दक्षिण तीरावर, कुसुमपुरास आणली. राजगृह डोंगरांनी वेढलेले, संरक्षणाला उत्तम. पण साम्राज्य चालवावयाचे तर नद्या हव्यात. गंगा, शोण, गंडक आणि शरयू यांचे पाणी जेथे जवळजवळ येते त्या ठिकाणाहून धान्य, सैन्य आणि कर या तिन्हींवर लक्ष ठेवता येत असे. ज्या पाण्याने हे नगर मोठे केले त्याच पाण्याचे त्याला भय, हे त्या भाकितातील मर्म आहे.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास सेल्यूकसचा वकील मेगॅस्थेनिस चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. त्याचा मूळ ग्रंथ लुप्त झाला. स्ट्रॅबो, एरियन इत्यादी पुढच्या लेखकांनी दिलेल्या उताऱ्यांवरच आपली भिस्त आहे. त्यांच्यानुसार हे नगर ८० स्टेडिया लांब आणि १५ स्टेडिया रुंद, म्हणजे सुमारे नऊ मैल लांब व पावणेदोन मैल रुंद होते. भोवती रुंद खंदक. तटाला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे. हा तट लाकडाचा होता आणि त्यात बाण सोडण्यासाठी भोके ठेवलेली होती. एरियनने याचे कारणही नोंदविले आहे : नद्यांच्या काठची व सखल भागातील नगरे भारतीय लोक लाकडाची बांधतात, कारण पाऊस आणि पूर यांपुढे विटा टिकत नाहीत, उंचावरची नगरे विटामातीची असतात. हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांतून बहुधा गळते. बुरुजांची संख्या मुलांना पाठ असते. मात्र लाकूड हा या नगराच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे याकडे दुर्लक्ष होते.

ग्रीकांनी या नगराला पालिबोथ्रा म्हटले आणि ते गंगा व एर्रानोबोआस यांच्या संगमावर असल्याचे लिहिले. अठराव्या शतकातील युरोपीय पंडितांना यावरून मोठा घोळ पडला. कोणी ते प्रयागास नेऊन ठेवले, कारण तेथे संगम आहे आणि पाटण्यास तर तो नाही! हे कोडे १७९३ मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील भाषणात सोडविले. एका संस्कृत ग्रंथात शोण नदीला हिरण्यबाहू असे नाव असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. एर्रानोबोआस हा त्याचाच अपभ्रंश होय. शोण पूर्वी पाटण्याजवळ गंगेस मिळत असे आणि नंतर तिचे पात्र पश्चिमेस सरकले, हे भूमापक रेनेल याच्या पाहणीतून पुढे आले होते. आज तो संगम पाटण्याच्या बराच पश्चिमेस, मनेरच्या बाजूला आहे. पतंजलीनेही महाभाष्यात व्याकरणाचे उदाहरण देताना पाटलीपुत्र शोणाच्या काठाने पसरल्याचे सहज सांगितले आहे. पालिबोथ्रा म्हणजे पाटलीपुत्र हे ठरले आणि ग्रीकांचा सँड्रोकोटस म्हणजे चंद्रगुप्त हेही त्याबरोबर पक्के झाले. प्राचीन भारताच्या कालगणनेची सारी इमारत या एका खुंटीवर टांगलेली आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

नगराचे स्थान ठरले, तरी नगर दिसेना. एकोणिसाव्या शतकात पुष्कळांची अशी समजूत होती की, जुने पाटलीपुत्र गंगेने कधीच गिळून टाकले. १८९२ मध्ये वॉडेल या डॉक्टरी पेशाच्या अधिकाऱ्याने पाटण्याच्या दक्षिणेकडील खेड्यांतून हिंडून ही समजूत खोटी ठरविली. विहिरी व तळी खणताना जाडजूड ओंडके लागतात असे तेथील लोक सांगत. वॉडेलने त्या ओंडक्यांत मेगॅस्थेनिसचा तट ओळखला. पुढे बुलंदीबाग येथील उत्खननात या लाकडी तटाचा मोठा तुकडा उघडा पडला : समांतर उभ्या केलेल्या ओंडक्यांच्या दोन रांगा आणि त्यांमध्ये तळाशी आडव्या तुळयांची फरसबंदी. बावीसशे वर्षे पाण्यात भिजत राहिल्यामुळेच हे लाकूड टिकले. हवा लागली असती तर केव्हाच कुजून गेले असते. परदेशी वकिलाने दूरदेशी लिहिलेले शब्द आणि मगधाच्या चिखलातले लाकूड यांची अशी गाठ पडावी, हा इतिहासाच्या अभ्यासातील दुर्मीळ आनंद होय.

यानंतरचा अध्याय कुम्राहारचा. पुरातत्त्व खात्याचे डी. बी. स्पूनर यांनी १९१३ च्या आरंभी तेथे खणावयास सुरुवात केली. मुंबईचे दानशूर रतन टाटा यांनी या कामासाठी सुमारे ७५ हजार रुपये पुरविले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, आणि एका पारशी गृहस्थाने मगधाच्या मातीसाठी ती द्यावी याचे कौतुक वाटते. स्पूनरना गुप्तकालीन विटांच्या बांधकामाखाली राखेचा थर लागला आणि त्या थरात ठरावीक अंतरावर, दर १५ फुटांना, राखेची व दगडाच्या कपच्यांची वर्तुळे दिसू लागली. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एका नाहीशा झालेल्या स्तंभाची खूण होती. आठ-आठ स्तंभांच्या दहा रांगांचे एक विशाल दालन अशा रीतीने केवळ खुणांवरून कागदावर उभे राहिले. चुनारच्या दगडाचा, मौर्य झिलई असलेला एकच स्तंभ बऱ्याच अंशी शाबूत सापडला. दालनाच्या दक्षिणेस ओंडके रचून केलेले सात लाकडी चौथरे निघाले. त्यांची जुळणी इतकी नेटकी की आजच्या सुतारानेही मान डोलवावी.

स्पूनर यांनी याचा अर्थ असा लावला : आधी मोठा पूर आला आणि दालन आठ-नऊ फूट गाळात रुतले, पुढे गुप्तकाळात वरचा भाग आगीत भस्म झाला, आणि खालचे लाकडी आधार कुजल्यावर ते प्रचंड स्तंभ सरळ खाली जमिनीत खचत गेले, त्यांच्या मागोमाग राख घसरली, म्हणून ती वर्तुळे. वाचताना अंगावर काटा यावा असेच हे चित्र आहे. पण स्पूनर तेथे थांबले नाहीत. दालनाची रचना त्यांना पर्सेपोलिस येथील शतस्तंभ सभागृहासारखी वाटली, आणि १९१५ मध्ये त्यांनी मौर्य हे मूळचे इराणी, झरथुष्ट्राचे अनुयायी असावेत असा सिद्धांत मांडला. त्यावर विद्वानांत बरेच रण माजले. इराणी कारागिरीशी मौर्य कलेचा संबंध अनेक अभ्यासक मान्य करतात; तथापि खांबांच्या रांगा जुळल्या म्हणून राजवंशाचे गोत्र बदलत नाही, हे आज वेगळे सांगावयास नको.

या जागी पुन्हा कुदळ पडली ती १९५१ मध्ये. काशीप्रसाद जयस्वाल संशोधन संस्थेच्या वतीने हे काम झाले आणि त्याचे नेतृत्व डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांच्याकडे होते. १८९८ मध्ये जन्मलेले आळतेकर मूळचे कोल्हापूरकडचे. राष्ट्रकूटांवरील त्यांचा ग्रंथ १९३४ चा. काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन करून ते उत्तरायुष्यात पाटण्यास आले. बयाना येथे सापडलेल्या गुप्तांच्या सुवर्णनाण्यांची सूची त्यांनीच सिद्ध केली. नाणी आणि ताम्रपट वाचणारा हा माणूस साठीकडे झुकत असताना पंपांनी पाणी उपसत, चिखलात उतरून थर मोजू लागला, ही गोष्ट आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९५१ ते १९५५ या काळातील या उत्खननाचा वृत्तान्त त्यांनी विजयकांत मिश्र यांच्या सहकार्याने लिहिला आणि तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या वृत्तान्ताचे मोल नव्या सापडलेल्या वस्तूंवरून ठरवावयाचे नाही. प्रवेशमंडपाच्या आणखी स्तंभांच्या जागा मिळाल्या, शोणेशी जोडलेल्या एका कालव्याच्या खुणा मिळाल्या, हे खरेच. पण आळतेकर-मिश्र यांनी मुख्य काम केले ते थरांचा क्रम नीट लावण्याचे. स्पूनरच्या काळी खोलीवरून काळ ठरवीत. आता प्रत्येक थरातील खापरे, नाणी आणि मुद्रा यांवरून तो ठरू लागला. तसे करताच जुने चित्र बदलले. दालनाला आग लागली हे खरे. परंतु ती गुप्तकाळातली नसून इसवी सनापूर्वी १५० च्या सुमाराची, म्हणजे सहा शतके आधीची निघाली. दालन पुरात रुतल्याच्या मताला थरांतून आधार मिळाला नाही, आणि स्तंभ खाली खचत गेल्याची कल्पनाही टिकली नाही. हे दालन म्हणजे चंद्रगुप्ताचा राजवाडा, असे म्हणण्याचा मोहही त्यांनी आवरला. कारण त्याला भिंतीच सापडल्या नाहीत. ते चारी बाजूंनी मोकळे असे स्तंभमंडित सभागृह होते. राजवाडा कोठे होता ते त्या मातीने सांगितले नाही, म्हणून त्यांनीही सांगितले नाही. १९५० च्या दशकात, स्वातंत्र्याची पहिली उमेद ताजी असताना, "मौर्यांचा राजवाडा सापडला" अशी वार्ता देशाला किती गोड वाटली असती याची कल्पना केली म्हणजे या संयमाची किंमत कळते.

आग लावली कोणी? युगपुराणात यवनांनी साकेत, पांचाल व मथुरा जिंकून कुसुमध्वजापर्यंत मजल मारल्याचे वर्णन आहे, आणि त्यांचा काळ या आगीच्या काळाच्या जवळपास येतो. साहजिकच दोन्हींचा सांधा जोडावासा वाटतो. माझ्या मते तो जोडण्यात घाई होते. राखेवरून आग कळते, आग लावणाऱ्याचे नाव कळत नाही. शिवाय लाकडी नगराला शत्रूचीच गरज असते असे नाही. एखादी पणतीही पुरते. त्याच पुराणात यवन फार काळ टिकले नाहीत, त्यांच्यातच भयंकर यादवी माजली म्हणून ते परत फिरले, असेही म्हटले आहे. आपसातील फुटीने पाटलीपुत्राचे केले तेवढे नुकसानच केले असे नाही. एकदा तरी शत्रूच्या घरातील फूट त्याच्या उपयोगी पडली! नगराच्या स्वतःच्या घरातील फूट मात्र वेगळ्या प्रकारची. शेवटचा मौर्य बृहद्रथ याला त्याच्याच सेनापतीने, पुष्यमित्राने, सैन्याची पाहणी चालू असता ठार केले, हे बाणभट्टाने नोंदविले आहे. असल्या घटनेचा मातीत थर राहत नाही. म्हणूनच कुदळ कितीही चालली तरी ग्रंथ मिटून ठेवता येत नाहीत.

कुम्राहारच्या उत्खननात मला स्वतःला सर्वांत हृद्य वाटते ते ऐंशी स्तंभांचे दालन नव्हे. त्याच परिसरात, पुष्कळ वरच्या थरात, गुप्तकाळातील विटांच्या एका विहाराचे अवशेष निघाले. तेथे सापडलेल्या मातीच्या मुद्रेवर आरोग्यविहारातील भिक्षुसंघाचा उल्लेख आहे, आणि एका खापरावर धन्वंतरीचे नाव वाचता आले. म्हणजे हा भिक्षूंचा मठ आणि रुग्णालय दोन्ही होता. पाचव्या शतकाच्या आरंभी पाटलीपुत्रात तीन वर्षे राहून संस्कृत शिकलेला आणि विनयग्रंथांच्या प्रती करणारा चिनी भिक्षू फाहियान सांगतो की, या प्रदेशातील धनिक गृहस्थांनी रुग्णालये चालविली होती. तेथे दीन, अनाथ, पंगू यांना अन्न व औषध मोफत मिळे. चिनी यात्रेकरू भाविक होता, त्याने भारताचे गोडवे गायले, असे म्हणून ही हकीकत बाजूस सारणाऱ्यास बोटभर लांबीच्या त्या मुद्रेने उत्तर दिले. गंमत अशी की, याच फाहियानाने अशोकाचा राजवाडा देवयोनीतील भूतांनी बांधला असेही लिहून ठेवले आहे. एकच साक्षीदार एका ओळीत विश्वासार्ह आणि दुसऱ्या ओळीत भाबडा असू शकतो. कोणत्या ओळीला किती भाव द्यावयाचा हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

कुम्राहारची वस्ती इसवी सन ६०० च्या सुमारास संपते. त्यानंतरचा थर सापडतो तो एकदम सतराव्या शतकाच्या आसपासचा. मध्ये हजार वर्षे काही नाही. सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाचे वर्णन याच्याशी चांगले जुळते : जुने नगर ओसाड, शेकडो विहारांचे केवळ पाये उरलेले, दोन-तीन काय ते उभे. परंतु तोच पुढे सांगतो की, जुन्या राजप्रासादाच्या उत्तरेस गंगेला लागून हजारएक घरांचे एक गाव होते. यावरून एक गोष्ट निघते आणि ती विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. कुम्राहार दक्षिणेस आहे. तेथील हजार वर्षांची पोकळी म्हणजे साऱ्या पाटलीपुत्राची पोकळी नव्हे. नगर मेले नाही; आकसून नदीला चिकटून राहिले. पालवंशीय धर्मपालाचा खालिमपूर येथे सापडलेला ताम्रपट पाटलीपुत्राच्या छावणीतून दिलेला आहे, म्हणजे इसवी सन ८०० च्या सुमारासही सम्राटाने तळ द्यावा इतपत त्या नावात आणि त्या घाटात अर्थ उरला होता. या काळातील वस्तीचे थर नदीकाठच्या जुन्या शहरात, आजच्या घरांखाली आणि बाजारांखाली असले पाहिजेत. तेथे कुदळ कोण चालविणार?

शेरशहाने १५४१ मध्ये याच काठावर किल्ला बांधण्याची आज्ञा दिली. स्थान हेरण्याची त्याची नजर अजातशत्रूच्या अमात्यांच्याच जातीची. बिहारशरीफचे महत्त्व ओसरले आणि पाटणा पुन्हा वर आले. १५८६ मध्ये आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याला हे लांबच लांब शहर दिसले, मात्र घरे मातीची व गवताने शाकारलेली. कापूस, साखर आणि अफू यांचा व्यापार जोरात. १६६६ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा जन्म येथे झाला. औरंगजेबाचा नातू अझीम-उश्-शान याने १७०४ मध्ये नगराला अझीमाबाद हे नाव दिले आणि उर्दू काव्याच्या जगात ते दीर्घकाळ टिकले. कंपनी सरकारच्या अमदानीत गुलजारबागेत अफूचे कोठार उभे राहिले. १७७० च्या भीषण दुष्काळानंतर धान्य साठविण्यासाठी बांधलेला गोलघर १७८६ मध्ये पुरा झाला. १९१२ मध्ये बिहार व ओरिसा हा प्रांत बंगालपासून वेगळा निघाला आणि पाटणा पुन्हा राजधानी झाले. स्पूनरची कुदळ कुम्राहारला पडली ती त्यानंतर अवघ्या वर्षभरात. नव्या प्रांताला आपले जुने कूळ सांगण्याची तेव्हा निकड असणार, हे समजू शकते.

कुम्राहारचा पुढचा वृत्तान्त थोडक्यात असा. मौर्यकालीन पातळी आजच्या जमिनीखाली सुमारे पंधरा-सतरा फूट आहे आणि भूजल तिथपर्यंत सहज चढते. उघडे ठेवलेले दालन वर्षानुवर्षे पावसाळ्यात पाण्याखाली जात राहिले. जे लाकूड आणि जो दगड मातीत सुरक्षित होता तो उघड्यावर झिजू लागला. अखेर २००० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने ते सारे उत्खनन माती घालून पुन्हा बुजविले. वर हिरवळ झाली. तेथे जाणाऱ्यास स्पूनरना सापडलेला तो एक स्तंभ आणि काही तक्ते पाहावयास मिळत. २०२४ च्या अखेरीस भूजलाची स्थिती अजमावण्यासाठी त्यातील काही स्तंभांच्या जागा पुन्हा उघडून पाहण्याचे काम खात्याने हाती घेतले. दालन उघडे ठेवता येईल की नाही, हे त्या खड्ड्यांत पाणी किती चढते यावर ठरावयाचे होते.